पहिला धडा पडण्याचा

शैक्षणिक वर्ष सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न हटकून कानी येतो : मुलांना कराटे शिकवावे की ज्युदो, तायक्वांदो की आपली लाठीकाठी? हर्णे बंदरासारख्या गावी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दापोली पंधरा-सोळा किलोमीटरवर. तिथला संध्याकाळचा वर्ग संपवून परतायचे ते एस.टी.च्या मर्जीवर. वर्गाच्या शुल्कात हे भाडे, गणवेश आणि दर काही महिन्यांनी उद्भवणारे परीक्षेचे पैसे मिळवले, म्हणजे कारकुनाच्या पगाराला हा खर्च जाणवल्यावाचून राहत नाही.

निवड मात्र पुष्कळदा चित्रपट पाहून होते. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ साली आला आणि हवेत लाथ मारण्याचे वेड जगभर पसरले. ते ओसरले असे अजूनही म्हणवत नाही. त्याखालोखाल मोहिनी रंगीत पट्ट्यांची. ही उतरंड प्राचीन असल्याचा समज आहे, तो खरा नव्हे. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची संस्था काढली आणि पुढे श्रेणी लावल्या. निरनिराळे रंग युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले. कराटेने पट्टा घेतला तोही ज्युदोकडूनच. नवख्याला त्यामुळे उमेद येत असेल तर हरकत नाही. परंतु काही माल असा असतो की त्याची प्रत गिऱ्हाइकाला वापरूनही उमगत नाही, असे अर्थशास्त्र सांगते. हा माल त्याच जातीचा. प्रत्यक्ष मारामारीचा प्रसंग बहुतेकांवर कधी येतच नाही (हे सुदैवच), त्यामुळे शिकलेले खरे की खोटे याची कसोटी लागत नाही आणि प्रमाणपत्रच विद्येची जागा घेते. दोन वर्षांत काळ्या पट्ट्याची हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

मग नवख्याने पाहावे काय? पैसे भरण्यापूर्वी वर्गात तासभर नुसते बसावे. विद्यार्थी केवळ हवेत ठोसे मारतात, की विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झटतात? नव्याला आधी पडायला शिकवतात का? ज्युदोचा पहिला धडा पडण्याचा असतो : हनुवटी छातीशी घ्यायची, बाहू जमिनीवर आपटायचे, डोके वाचवायचे. शत्रू आयुष्यात भेटो न भेटो, कोकणच्या पावसात शेवाळलेली पायरी आणि होडीची निसरडी फळी प्रत्येकाला भेटतेच.

माझे मत असे की आरंभ धरपकडीच्या कलेने, म्हणजे कुस्तीने किंवा ज्युदोने करावा. कुस्तीची थोरवी महाराष्ट्राला सांगायला नको. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरसारखे आखाडे किनारपट्टीला नाहीत, ही अडचण खरीच. पण येथे कबड्डी आहे. मैदानावर घोटा धरून चढाई करणारा रोखणे, चारजणांच्या विळख्यातून अंग सोडवणे, मातीत आपटून पुन्हा उठणे हे ज्याला अवगत आहे तो कोरा नवखा नव्हेच. लाठीकाठी डौलदार आहे, मल्लखांबाने शरीर कमावले जाते. परंतु लाठी घेऊन कोणी बाजारात जात नाही आणि मल्लखांब उलटून मनगट धरीत नाही. तथापि गावात चांगला शिक्षक कराटेचाच असेल तर बेशक कराटेच शिकावे. पायी जाता येईल असा प्रामाणिक शिक्षक हा दूरच्या श्रेष्ठ कलेपेक्षा मोलाचा आहे, कारण वर्षभर टिकेल तीच हजेरी कामाची.

मुलींच्या बाबतीत हा केवळ छंदाचा विषय राहत नाही. समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने आत्मरक्षणाचे शिक्षण देण्याची सोय आहे. त्यासाठी शाळेमागे महिना ५,००० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपयांची तरतूद. तीन महिन्यांत कराटे येत नाही. मोठ्याने ओरडणे, मनगट व केस सोडवणे, पडून उठणे आणि पळणे एवढे येऊ शकते, आणि तेही थोडे नाही. मात्र ते समारंभातल्या कवायतीत आणि कौले फोडण्यात खर्ची पडू नये. प्रत्येक शाळेने एकटीने तीन महिने उरकण्याऐवजी हर्णे, मुरुड, आंजर्ले येथील शाळांनी मिळून एकच शिक्षक आठवड्यातून दोनदा वर्षभर आणण्याची मुभा मागावी. मुरुड हे तर महर्षी कर्व्यांचे गाव. मुलींच्या शिक्षणासाठी चाकोरी सोडणे तिथे नवे नाही.

आणि वर्ग केवळ शाळेपुरता कशाला असावा? जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि खलाशी तरुण गावात मोकळे असतात. त्यांना आरंभाला हेच दोन महिने सोयीचे. ऑगस्टपासून ते समुद्रावर जातील, मग आठवडा आठवडा दिसणार नाहीत. त्यांच्याकडून वर्षाचे शुल्क एकदम न घेता आल्या दिवसाचे घ्यावे.