चढणाऱ्याला आधी वाट

मुलांनो, गाडीने गावी जाताना तुम्ही झोपता ना? आम्हा भावंडांना ती मुभाच नव्हती! कोकणात जाताना बाबा मैलाचे दगड ओळखायला लावत. पिवळ्या माथ्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा.

कशेडी घाट उतरताना बाबा गाडी खालच्या गिअरमध्ये घालत. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ब्रेक तापतात. अरुंद वळणावर समोरून भरलेला ट्रक चढत आला, की ते बाजूला थांबत. आम्ही कुरकुरायचो, "आपणच का थांबायचं?"

"अरे, चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणं जड जातं. म्हणून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियमच आहे तो!"

वर्गात कुणी वाचताना अडखळलं आणि बाकीचे घाई करू लागले, की मी त्यांना हाच नियम सांगते. तुम्हीही पाळाल ना?