दहिसरपलीकडचा शेजार

मुंबईत घर परवडत नाही म्हणून मध्यमवर्ग दहिसरची वेस ओलांडून मीरा रोडला गेला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडावी लागलेली अनेक मुस्लिम कुटुंबेही इथे आणि मुंब्र्यात आली. मुंब्रा बव्हंशी एकाच समाजाचे झाले. मीरा रोड स्टेशनवर मात्र मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, ख्रिस्ती, मुस्लिम असे सगळेच उतरतात.

स्टेशन एक असले तरी इमारती अनेकदा वेगळ्या असतात. घर कोणाला द्यायचे, हे पुष्कळदा सोसायटीच ठरवते. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडच्या नया नगरात हिंसाचार झाला. एकमेकांच्या घरी जाणे-येणेच नसेल, तर अशा वेळी अफवा खोडून काढणार कोण?

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा चौरस फुटाचा भाव, नळाचे पाणी, सकाळच्या लोकलची गर्दी जरूर पाहा. पण जिन्यापाशी लावलेल्या पाटीवरची नावेही वाचा. आपली मुले कोणाबरोबर खेळत वाढणार, हे त्या पाटीवर लिहिलेले असते. स्वस्त घराच्या हिशेबात तेही धरायला हवे.