पडद्यावरची श्रद्धा आणि प्रशासनाची कसोटी

सन १९१०च्या सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहून त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांचा हा मुलगा ख्रिस्ती झाला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९१८ साली ‘श्रीकृष्ण जन्म’. परधर्माची मांडणी पाहणारा प्रेक्षक कोऱ्या पाटीसारखा नसतो. दिल्लीच्या अक्षरधाममध्ये २००५पासून नीलकंठ वर्णींचा चरित्रपट महापडद्यावर दाखवला जातो. अन्य संप्रदायांचे लोकही तो पाहतात आणि आपापल्या श्रद्धेसह घरी परततात.

श्रद्धा समजावणाऱ्या लघुपटांकडे संशयाने पाहण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. घटनेचा पंचविसावा अनुच्छेद सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देतो. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश व ओरिसाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले. मात्र त्याच निकालात, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगणे, असा अर्थ लावला. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नाकारला. समजावून सांगण्याचा मान्य केला. असे लघुपट नेमके हेच करतात.

खरी अडचण नव्या कायद्यांच्या शब्दांत आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्याने प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू आणि नोकरी यांच्या जोडीला दैवी अवकृपाही घातली. धर्मांतराच्या प्रयत्नाचा आरोप झाला, की पाप-पुण्य आणि स्वर्ग-नरक सांगणारा कोणताही पट या शब्दाच्या कक्षेत ओढता येईल. मग एखाद्या गावात पडदा लागल्याची तक्रार येते आणि तत्त्वज्ञान व धमकी यांतील सीमारेषा आखण्याचे काम चौकशी अधिकाऱ्याच्या शिरावर पडते.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पटात अन्य धर्माची निंदा आहे काय? पाहणाऱ्याला काही दिले वा कबूल केले काय? त्याला उठून जाण्याची मोकळीक होती काय? उत्तरे निर्दोष असतील, तर हस्तक्षेपाला कारण उरत नाही; मग तो पट कोणत्याही धर्माचा असो. दोष आढळला, तर कारवाईलाही धर्माचा अपवाद नसावा.

मुंबईतला तो पडदा तेव्हा कोणी संशयापोटी उतरवला असता, तर त्यातून ख्रिस्ती धर्माचे फारसे बिघडले नसते. फाळक्यांचा राम मात्र पडद्यावर यायचा राहून गेला असता.