एका मताचें मोल

आपल्या एका मतानें काय होणार, असें म्हणणाऱ्या सुशिक्षितांस आम्ही अमेरिकेंतील मेरीलँड राज्याचा दाखला देऊं इच्छितों. तेथील ९ काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, मुख्य कारभारी चार वर्षांकरितां लोकांनींच निवडावयाचा असतो. दहा लाखांवर वस्तीच्या माँटगोमेरी काउंटींत डेमोक्रॅटिक पक्षाचें प्राबल्य असल्यानें त्या पक्षाची उमेदवार-निवडणूकच निर्णायक ठरते. तींत २०१८ सालीं मार्क एलरिच ७७ मतांनीं विजयी झाले. २०२२ सालीं त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, लाखावर मतें पडूनही, फेरमोजणीअंतीं अवघ्या ३२ मतांनीं! बत्तीस मतें म्हणजे आपल्याकडील दोन-तीन एकत्र कुटुंबें. मतदानाच्या दिवशीं ओसरीवर बसून राजकारणाची चर्चा करणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा, इतकेंच आमचें सांगणें.