कशी वाटली वेबसाईट?

"कशी वाटली?" असं विचारलं की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात, असं माझं आता ठाम मत झालं आहे. विचारणारा जवळचा असेल तर "छान!" आणि फारसा जवळचा नसेल तर "छान आहे, पण..." त्या 'पण'नंतर जे येतं ते बहुतेक वेळा रंगाबद्दल असतं. मग ती नवीन साडी असो, फ्लॅटचे पडदे असोत, नाहीतर चुलतभावाच्या आंब्याच्या धंद्याची वेबसाईट.

तर सध्या विषय वेबसाईटचा आहे. आमच्या दादाची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे, हे नात्यातल्या वाचकांना माहीत आहेच (दर मे महिन्यात बरोबर आठवतं!). इतकी वर्षं माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी येईल तो भाव. गेली तीन वर्षं ओळखीपाळखीत, फोनवर थोडा माल थेट जाऊ लागला. यंदा दादाने दलालाला सांगून टाकलं की निम्मा माल तुला नाही. वहिनींनी पुठ्ठ्याच्या खोक्यांची ऑर्डरही देऊन ठेवली. पुतण्याने कॉलेज सांभाळून वेबसाईट बनवली. म्हणजे निम्मी बाग आता त्या वेबसाईटवर उभी आहे. आणि आंबा म्हणजे काही साडी नव्हे, की या महिन्यात नाही खपली तर पुढच्या महिन्यात खपेल. हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक अडखळलं तर ते परत यायला पुढचं वर्ष उजाडतं.

त्यामुळे आधी चार लोकांना दाखवून घ्यायचं ठरलं. इथवर सगळं योग्यच.

पहिली लिंक गेली घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर. अर्ध्या तासात अंगठ्यांचा पाऊस. "अभिमान वाटला", "कोकणाचं नाव काढलंस", "लोगोतला आंबा पायरीसारखा दिसतोय". मग बटण हिरवं असावं की केशरी यावर वाद सुरू झाला तो दोन दिवस चालला. पनवेलचे मामा आणि ठाण्याची मावशी अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. पण त्या सगळ्यांत एकानेही "डझनाला किती?" असं विचारलं नाही. विचारणार कसं, तिथवर कुणी गेलंच नव्हतं.

यात आपली माणसंच वेडी आहेत असं समजू नका. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकाने 1957 सालीच याची मजा लिहून ठेवली आहे. त्याची काल्पनिक समिती अणुभट्टीचा प्रस्ताव काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास घालवते. कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. वेबसाईटचा रंग म्हणजे ही शेड. "कशी वाटली?" असं विचारलंत की तुम्ही समोरच्याला थेट शेडपाशी नेऊन सोडता. बिचारा तिथेच बोलणार.

पुढची पाळी पुतण्याच्या डिझाईन शिकणाऱ्या मित्रांची. ही मुलं हुशार. त्यांनी एक मुद्दा अगदी बिनतोड काढला: आंब्याच्या रंगाची अक्षरं पांढऱ्यावर वाचताच येत नाहीत. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक मोजायचं प्रमाण असतं म्हणे, आणि साध्या मजकुरासाठी ते निदान 4.5 ला 1 असावं असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आमच्या केशरी अक्षरांचं त्याच्या जवळपासही काही जात नव्हतं. साठीच्या गिऱ्हाइकाने उन्हात मोबाईल धरून हे वाचायचं, म्हणजे विषयच संपला. तो रंग त्याच रात्री बदलला. पण याच मुलांचं दुसरं म्हणणं असं की मजकूर फार झालाय, निम्मा काढा, पान मोकळं दिसू द्या. इथे माझं आणि त्यांचं जमलं नाही. पान मोकळं दिसलं की दुसऱ्या डिझायनरला बरं वाटतं. पाच हजारांचे आंबे न बघता मागवणाऱ्या माणसाला मजकूर हवा असतो, फक्त त्याच्या प्रश्नांचा हवा.

मग ते प्रश्न कळायचे कसे? तर विचारून नाही, बघून. जेकब नील्सन या वेबसाईटींच्या अभ्यासकाने 2000 साली लिहिलं होतं की पाच माणसांना वापरताना नुसतं पाहिलं तरी साधारण 85 टक्के अडचणी दिसून येतात. आकडा बाजूला ठेवा, तो सगळीकडे तसाच लागू पडेल असं नाही. पण 'पाहिलं' हा शब्द महत्त्वाचा. मत मागायचं नाही, काम सांगायचं. आम्ही सांगितलं, "अक्षय्य तृतीयेच्या आत दोन डझन आंबे घरी येतील असं बघ." आणि गप्प बसायचं.

गप्प बसणं काय अवघड असतं हो! पहिली आमची कोथरूडची आत्या. तिने मोबाईल हातात घेतला आणि बागेचा ड्रोनने काढलेला फोटो बघत बसली. "आपली विहीर दिसते का रे यात?" मग बोटाने वर सरकवत राहिली. पुतण्याला राहवेना. "अगं आजी, वर त्या तीन रेघा आहेत ना..." मी त्याला अक्षरशः चहा आणायला पाठवलं. वेबसाईट गिऱ्हाइकाच्या घरी जाईल तेव्हा पुतण्या काही बरोबर जाणार नाही! पाचव्यांदा सरकवल्यावर भाव आला. तिथे लिहिलेलं, एक पेटी इतके रुपये. आत्या म्हणाली, "पेटीत किती?"

हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं असं नाही, ते आम्हाला दिसतच नव्हतं. बागेत वाढलेल्या माणसाला पेटी म्हटलं की कळतं. फळ मोठं असेल तर पेटीत चार-पाच डझन बसतात, लहान असेल तर आठ डझनांपर्यंत जातात, भाव त्याप्रमाणे. पुण्यातल्या माणसाला पेटी म्हणजे पेटी. त्याला डझन कळतो, आणि एका फळाचं वजन सांगितलंत तर आणखी बरं.

दुसरा माझा ऑफिसातला मित्र, त्याला नागपूरला आईवडिलांकडे पाठवायचे होते. नाव, पत्ता, मोबाईल सगळं भरून झालं आणि शेवटी पिनकोड टाकल्यावर उत्तर आलं की इथे पोचवत नाही. तो काही बोलला नाही, फोन उलटा ठेवला आणि डबा उघडला. लेखी प्रतिक्रियेत त्याने काय लिहिलं असतं? "छान आहे." मी पैज लावायला तयार आहे.

तिसऱ्या, शेजारच्या काकू. त्यांनी 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' हे वाचून असं समजून घेतलं की खोकं उघडलं की लगेच कापायचा. दादाला म्हणायचं होतं की आम्ही कार्बाइड वापरत नाही (त्याला कायद्याने बंदी आहेच, तरी लोकांच्या मनात धास्ती असते). माल तर अर्धवट तयार निघतो, घरी काही दिवस ठेवावा लागतो. तेव्हा 'कधी खायचा' हे भावाच्या खालीच लिहायला हवं.

चौथं-पाचवं माणूस बघेपर्यंत तेच प्रश्न परत यायला लागले, म्हणून थांबलो.

पण खरी मोलाची प्रतिक्रिया आली ती भलतीकडूनच. दादाच्या शेजारच्या बागेचे मालक, तेही थेट विक्री करतात. म्हणजे तसे स्पर्धकच. त्यांना दाखवावी का यावर घरात कुजबुज झाली. मी म्हटलं, दाखवाच. ज्याला तुमच्याआधी गिऱ्हाइकांचे फोन आले आहेत त्याच्याइतकं कुणाला कळणार? ते आले, चष्मा लावून पाच मिनिटं सगळं वाचलं आणि म्हणाले, "साक्याचं काय?"

साका माहीत नसलेल्यांसाठी: वरून फळ देखणं, पण कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा. हापूसला हा रोग जडलेलाच आहे आणि कापेपर्यंत कळत नाही. म्हणजे कितीही प्रामाणिक बागायतदार असला तरी त्याच्या खोक्यातून कधीतरी असं फळ जाणारच. शेजारी म्हणाले, "पहिला रागाचा फोन त्याचाच येतो. तुम्ही फसवलंत म्हणतात. आधीच लिहून ठेवा, की असं निघू शकतं, निघालं तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या खोक्यात देऊ. मी दोन वर्षं लिहिलं नाही, दोन वर्षं शिव्या खाल्ल्या."

डिझाईनवाल्या मुलांना हे अजिबात पटलं नाही. विकायच्या पानावर खराब फळाची गोष्ट? वहिनीही म्हणाल्या, "आपल्याच मालाची बदनामी आपणच करायची का?" त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, घाबरून एखादं गिऱ्हाईक जाईलही. पण माझं मत शेजाऱ्यांच्या बाजूने आहे. दलालाकडे माल दिला की साक्याचं फळ कुणाच्या बागेतलं हे कुणालाच कळत नसे. आता खोक्यावर दादाचं नाव आणि नंबर आहे. थेट विकायचं म्हटलं की बोलणीही थेटच खावी लागणार, मग ती आधीच्या चार ओळींनी कमी होत असतील तर का नको?

सध्याची परिस्थिती अशी: चार ओळी पानावर गेल्या आहेत, साक्याच्या फळाचा फोटो टाकायचा की नाही यावर बोलणी चालू आहेत. भाव आता डझनाला आणि अगदी वर, पिनकोड सगळ्यात आधी. ड्रोनचा फोटो पुतण्याने हटवू दिला नाही, फक्त खाली सरकवला. आत्याला त्यात विहीर सापडली म्हणे.

बटण शेवटी हिरवंच राहिलं. मामांना सांगू नका.