नाक्यावरच्या इमारतीचं कर्तव्य

मुंबईत भेटायचं ठरलं की आपण घरक्रमांक सांगत नाही. ‘इरॉसपाशी थांब’, ‘मेट्रो सिनेमाला उतर’ एवढं पुरतं. नाक्यावरच्या इमारतीला हा मान फुकट मिळालेला नाही.

चर्चगेट स्टेशनासमोरचं इरॉस बघा. सोहराबजी भेदवार यांनी आराखडा केलेलं हे चित्रपटगृह १९३८ सालचं. दोन रस्त्यांच्या कडेनं त्याचे दोन बाहू पसरले आहेत. ते जिथे जुळतात तिथे गोलाकार दर्शनी भाग, त्यावर टप्प्याटप्प्यानं निमुळता होत जाणारा मनोरा. इमारतीनं आपलं तोंडच चौकाकडे केलं आहे. मरीन ड्राइव्ह आणि वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावरचा ‘सूना महल’ही तसाच. १९३७ च्या या इमारतीत सज्जे कोपऱ्याला वळसा घालून जातात आणि तळमजल्यावरचं रेस्टॉरंट रस्त्याशी बोलत राहतं. समुद्र आणि रस्ता, दोघांनाही ती सारखाच मान देते.

त्या काळी नव्यानं हाती आलेल्या आरसीसीमुळे, म्हणजे लोखंडी सळयांच्या काँक्रीटमुळे, खाली खांब न देता छज्जे, सज्जे बाहेर काढता आले, कोपरे गोल करता आले. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवर उंचीची बंधनंही होती, म्हणून एकेका इमारतीचा डौल राखूनही सगळी रांग एकसंध दिसते. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा त्यांच्यामधलं मोकळं मैदानही त्या गौरवात सामील होतं.

दादर, माटुंग्याच्या नाक्यांना मात्र असं वारशाचं संरक्षण सगळीकडे नाही. तिथे पुनर्विकास आला की कोपऱ्यावरची दुकानं जातात आणि गाड्यांचा रॅम्प, पोडियम, कुंपणभिंत येते. वरच्या घरांना हवा-उजेड मिळतो, लिफ्ट मिळते. रहिवाशांचा तो हक्कच आहे. पण खाली बसची वाट पाहणाऱ्याला सावली उरत नाही, आणि रात्री एकट्या घरी परतणाऱ्या बाईला दुकानातल्या उजेडाचा आधार उरत नाही.

कोपऱ्याच्या भूखंडाला दोन रस्त्यांचा लाभ मिळतो, जास्त भाव मिळतो. तेव्हा त्याच्याकडून चौकासाठी काही मागणं रास्तच आहे. तळमजल्यावर दुकानं हवीत, वर छज्जा हवा, दार चौकाकडे हवं आणि गाड्यांची वाट नाक्यापासून दूर हवी. पुनर्विकासाला मंजुरी देताना महापालिकेनं एवढ्या अटी घातल्याच पाहिजेत. घर रहिवाशांचं असलं तरी नाका सगळ्यांचा आहे.