अल्पमत हा अपराध नव्हे

निवडणुकीत कोणत्याही एका पक्षास निर्विवाद बहुमत लाभले नाही, की आपल्या सुशिक्षित वर्गात हळहळ सुरू होते. आता घोडेबाजार भरणार, कारभार ठप्प होणार आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा निवडणुका येणार, अशी भाकिते दिवाणखान्यापासून कचेरीपर्यंत ऐकू येतात. ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो दूर होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार धरले आहे. सत्तारूढ पक्षाचे निम्म्याहून अधिक सभासद सभागृहात असलेच पाहिजेत, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. सभागृहाचा विश्वास असला म्हणजे पुरे. आणि तो मोजावयाचा हजर राहून मत देणाऱ्यांच्या संख्येवर. त्यामुळे जो तटस्थ बसतो तोही सरकारला तारू शकतो. जुलै १९९१ मध्ये नरसिंह राव यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, तो विरोधी बाकांवरील अनेक सभासद तटस्थ राहिले म्हणून. त्याच महिन्यात त्याच अल्पमतातील सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि उद्योगांवरील परवाना पद्धतीचा बराचसा भाग मोडीत काढला. त्या धोरणाविषयी मतभेद असतील. पण अल्पमतातील सरकार हातपाय गाळून बसते, हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही.

परदेशांचा अनुभवही असाच आहे. कॅनडात लेस्टर पिअर्सन यांच्या पक्षास १९६३ व १९६५ या दोन्ही निवडणुकांत बहुमत मिळाले नाही. तरी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, सार्वजनिक वैद्यकीय विम्याचा कायदा आणि मेपलच्या पानाचा नवा ध्वज हे सारे त्यांच्याच कारकिर्दीतले. डेन्मार्कमध्ये तर दुसऱ्या महायुद्धानंतरची बहुतेक सरकारे अल्पमतातील होती. तेथे नव्या सरकारास आरंभी विश्वासमत मागावे लागत नाही. सभागृहातील बहुमत त्याच्या विरोधात उभे नसले म्हणजे झाले. अशा सरकारला प्रत्येक विधेयकापूर्वी विरोधकांशी बोलावे लागते आणि त्यांची एखादी दुरुस्ती स्वीकारावी लागते. बहुमताच्या जोरावर जी चर्चा उरकली जाते, ती येथे मनापासून करावी लागते. संसद ज्या कामासाठी आहे तेच हे काम.

मग बिघडते कोठे? बहुमत चर्चेने जुळविण्याऐवजी अंधारात विकत घेतले जाते, तेथे. २८ जुलै १९९३ रोजी राव सरकारवरील अविश्वासाचा ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. पुढे त्या मतांसाठी काही सभासदांना पैसे दिल्याचा आरोप झाला. स्वतः राव २००२ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष ठरले; परंतु त्याच प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सभासदास घटनेच्या विशेषाधिकारामुळे खटल्यापासून संरक्षण आहे. हा निर्णय सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने रद्द करावयास मार्च २०२४ उजाडावा लागला. पाव शतकाहून अधिक काळ विकले जाणारे मत कायद्याच्या आडोशाला सुरक्षित होते, हे आपल्या लोकशाहीस भूषणावह नाही.

दुसरा दोष बाहेरून दिलेल्या पाठिंब्याचा. नोव्हेंबर १९९० मध्ये सत्तेवर आलेले चंद्रशेखर यांचे सरकार काँग्रेसच्या अशा पाठिंब्यावर उभे होते. देश परकीय चलनाच्या संकटात असता त्यास पूर्ण अंदाजपत्रकही मांडता आले नाही, आणि मार्च १९९१ मध्ये पंतप्रधानांनी राजीनामा दिला. जबाबदारी एकाची व दोरी दुसऱ्याच्या हाती, अशी ती स्थिती.

महाराष्ट्रासही या बाबतीत शिकण्यासारखे आहे. २०१४ साली २८८ जागांच्या विधानसभेत भाजपला १२२ जागा मिळाल्या. १२ नोव्हेंबर रोजी त्या सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे घोषित झाले. मतविभागणी झाली नाही आणि विरोधकांनी त्यास तीव्र हरकत घेतली. कोणी साथ दिली, कोणी विरोध केला आणि कोण गप्प राहिले, याची नोंद मतदारास मिळालीच नाही. बहुमत सभागृहातच सिद्ध झाले पाहिजे, हा बोम्मई खटल्यातील १९९४ चा दंडक. परंतु तेथे डोकी न मोजता आवाज ऐकून निकाल लावला, तर त्या दंडकाचा प्राणच हरपतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. विश्वासाचा प्रश्न असेल तेव्हा मतविभागणी झालीच पाहिजे आणि प्रत्येक सभासदाचे मत नावानिशी नोंदले गेले पाहिजे. पाठिंबा देणाऱ्याने त्याच्या अटी लेखी जाहीर कराव्यात. तटस्थ राहणाऱ्याने आपले कारण सभागृहात सांगावे. इतके झाले तर अल्पमतातील सरकारची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मतदारांनी संमिश्र कौल दिला म्हणजे त्यांनी चूक केली असे नव्हे. आपसांत बोलून राज्य चालवा, असेच त्यांनी बजावलेले असते. हा आदेश लोकप्रतिनिधी उजेडात पाळतात की अंधारात मोडतात, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे, हे मात्र मतदान करून घरी परतलेल्या आपणां सर्वांचे काम आहे.